पाप आणि वैधता : इस्लामी विधिविचारातील एका द्वंद्वाविषयी

१९०५ साली मुंबई उच्च न्यायालयात साराबाई विरुद्ध राबियाबाई या दाव्याचा निकाल देताना न्यायमूर्ती बॅचलर यांनी तलाक-ए-बिद्दतविषयी एक शेरा लिहून ठेवला. एका दमात दिलेला, मागे न घेता येणारा हा तलाक धर्मशास्त्राच्या दृष्टीने वाईट असला तरी कायद्याच्या दृष्टीने चांगला आहे, असा त्या शेऱ्याचा आशय होता. शेरा ओघात आलेला होता. परंतु पुढे शंभरहून अधिक वर्षे भारतातील न्यायालये, कायद्याची पाठ्यपुस्तके आणि वकिलांचे युक्तिवाद त्याचाच आधार घेत राहिले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात शायरा बानो प्रकरणाची सुनावणी झाली तेव्हाही अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची भूमिका वेगळ्या शब्दांत हीच होती : असा तलाक देणे पाप आहे, पण तो दिला की लागू होतो.

या वाक्याकडे वसाहती न्यायाधीशाच्या अरसिकपणाचा नमुना म्हणून पाहणे सोपे आहे. उलट बाजूने, एका धर्मपरंपरेच्या दांभिकपणाचा कबुलीजबाब म्हणूनही ते वाचता येते, आणि मराठीतील पुष्कळ लेखनाने ते तसे वाचलेही आहे. दोन्ही वाचने उतावळी आहेत. ज्या कृतीला समाज पाप म्हणतो तिलाच तो पूर्ण परिणाम बहाल करतो, याचा अर्थ काय? पाप आणि परिणाम यांच्यामधल्या या फटीत विवेकाला श्वास घ्यायला जागा मिळते, की अन्यायाला लपायला? हा प्रश्न नैतिक आहे आणि अर्थनिर्णयनाचाही आहे. म्हणून तो केवळ विधिज्ञांवर सोपवून चालणार नाही.

मराठी वाचकाला या विचारविश्वाची परिभाषा वाटते तितकी परकी नाही. ज्याला आपण ‘कायदा’ म्हणतो तो शब्द अरबी आहे, आणि तिथे त्याचा अर्थ पाया, आधारभूत नियम असा होतो. हक्क, वारस, वकील, जामीन, दावा, महजर हे शब्द दख्खनमधील काझींच्या कचेऱ्यांतून आणि मजालसींतून मराठीत आले आणि पेशवाईच्या कागदपत्रांत सुखाने नांदले. त्यांतले दोन शब्द येथे विशेष कामाचे आहेत. दस्तऐवजावर आपण करतो ती ‘सही’ मूळची ‘सहीह’, म्हणजे वैध, निर्दोष. आणि ‘रद्दबातल’ या जोडशब्दातील ‘बातल’ म्हणजे ‘बातिल’, मुळातच शून्य. हनफी शास्त्रकारांनी या दोहोंच्या मध्ये ‘फासिद’ अशी तिसरी पायरी कल्पिली. जिच्यात दोष आहे, पण जी सर्वस्वी शून्य नाही, अशी कृती. मराठीतला ‘फसाद’ याच धातूचा. साक्षीदारांवाचून केलेला विवाह हनफींच्या मते फासिद. पण त्यातून झालेले मूल त्यामुळे बेवारस ठरत नाही.

वैधतेची ही मोजपट्टी एक झाली. तिच्या शेजारी दुसरी स्वतंत्र मोजपट्टी आहे. मानवी कृती अनिवार्य, इष्ट, उदासीन, अप्रिय किंवा निषिद्ध असते. फर्ज किंवा वाजिब, मंदूब, मुबाह, मकरूह, हराम असे हे पाच वर्ग. पहिली पट्टी विचारते, कृती घडली का? दुसरी विचारते, ती करायला हवी होती का? आधुनिक कायद्याला दुसऱ्या पट्टीचे काम पडत नाही. त्याला अनुज्ञेय आणि अननुज्ञेय एवढे दोनच रंग दिसतात. फिकहचे, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचे, वैशिष्ट्य हे की त्याने दोन्ही पट्ट्या सतत हाताशी ठेवल्या आणि त्या एकमेकींत मिसळू दिल्या नाहीत. तेव्हा धर्मतः वाईट पण कायद्याने चांगले हा प्रकार बॅचलर यांचा शोध नव्हे. तो या दोन पट्ट्यांच्या छेदबिंदूवर कितीतरी शतके उभा होता.

‘शरिया’ या शब्दाचा मूळ अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट. ‘फिकह’ म्हणजे आकलन. वाट ईश्वराची आणि आकलन माणसाचे, हा भेद शास्त्रकारांनी कटाक्षाने पाळला. फतव्याच्या शेवटी ‘ईश्वर अधिक जाणतो’ असे लिहिण्याचा प्रघात त्यातूनच आला. योग्य निष्कर्षाला पोहोचणाऱ्या अभ्यासकाला दोन पुण्ये आणि प्रामाणिकपणे चुकणाऱ्याला एक, अशी एक हदीस प्रसिद्ध आहे. म्हणजे चुकीलाही या व्यवस्थेत मान होता. अबू हनीफा (मृत्यू ७६७), मालिक (७९५), शाफिई (८२०) आणि इब्न हंबल (८५५) यांच्या नावाने चाललेल्या चार सुन्नी पंथांचे एकाच प्रश्नावर चार निर्णय असू शकत, आणि एका पंथाच्या आतही गुरू आणि शिष्य यांची मते वेगळी नोंदलेली असत. मराठीत ‘संहिता’ हा शब्द साहित्यकृतीच्या पाठासाठीही वापरतात आणि कायद्याच्या संग्रहासाठीही. फिकह ही पहिल्या अर्थाने संहिता होती. दुसऱ्या अर्थाने ती संहिता झाली ती एकोणिसाव्या शतकात.

आता तलाककडे. हा विधी शब्दांनी घडतो. किंबहुना शब्द हाच विधी. उच्चाराने कृती कशी घडते याचा विचार करताना जे. एल. ऑस्टिन यांनी, १९६२ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत, ‘मी तुला घटस्फोट देतो’ हे उदाहरण घेतले आहे : ख्रिस्ती देशात ख्रिस्ती पतीने हे म्हटले तर काही घडत नाही, मुसलमान असता तर गोष्ट निराळी. ऑस्टिन एवढ्यावर पुढे सरकतात. ते थांबले असते तर त्यांच्या उपपत्तीला अवघड जाईल असे पुष्कळ काही त्यांना सापडले असते. ऑस्टिन यांच्या मते थट्टेत, रंगभूमीवर किंवा कवितेत उच्चारलेले वाक्य गंभीर उच्चारावर बांडगुळासारखे जगते. त्याने कृती घडत नाही. हनफी शास्त्रकारांनी नेमकी उलट बाजू घेतली. विवाह, तलाक आणि तलाक मागे घेणे या तिहींत गांभीर्य हे गांभीर्यच आणि थट्टाही गांभीर्यच, या अर्थाच्या हदीसचा आधार घेऊन त्यांनी थट्टेतला तलाक लागू केला. जबरदस्तीने वदवलेला तलाकही लागू केला. नशेतलाही केला, आणि त्यामागचे कारण पुष्कळांनी सांगितले ते हे की नशा करणाऱ्याला त्याच्या पापाची सवलत मिळू नये. मात्र दुसऱ्याचे बोलणे सांगताना किंवा शिष्यांना नियम शिकवताना ते शब्द तोंडी आले तर त्यांनी काही घडत नाही, असेही ते सांगतात. अवतरण आणि उच्चार यांतला फरक त्यांना पुरता ठाऊक होता. थट्टेला मात्र त्यांनी अवतरणाचा दर्जा नाकारला.

ऑस्टिन यांनी फसलेल्या उच्चारांचे दोन गट केले आहेत. एका गटात विधीच चुकतो म्हणून कृती घडतच नाही. दुसऱ्यात कृती घडते, पण पोकळ मनाने, खोटे वचन देणाऱ्याप्रमाणे. तलाक-ए-बिद्दत या दोहोंतही बसत नाही. विधी चुकलेला नाही आणि मनही खोटे नाही. ते फार तर फार खरे आहे, त्या क्षणापुरते. दोष काळाचा आहे. कुराणाने तलाकमध्ये काळ पेरला होता : दोनदा उच्चार, मध्ये प्रतीक्षा, मग चांगल्या रीतीने ठेवून घेणे किंवा चांगल्या रीतीने निरोप देणे (२:२२९), बेबनाव वाढला तर दोन्ही कुटुंबांतून एकेक मध्यस्थ (४:३५). एका दमात तीनदा उच्चारणारा पुरुष हा सगळा काळ एका श्वासात गिळून टाकतो. हेच त्याचे पाप. मग त्या उच्चाराने गिळलेला काळ परत का मिळू नये, तीन उच्चार एकच का मानू नयेत, हा प्रश्न सरळ होता आणि तो विचारला गेलाही होता.

सहीह मुस्लिममधील इब्न अब्बास यांच्या कथनानुसार प्रेषितांच्या, अबू बक्र यांच्या आणि उमर यांच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन वर्षांच्या काळात तिहेरी तलाक एकच गणला जाई. जिथे धीर धरण्याची सोय होती तिथे लोक घाई करू लागले, तेव्हा उमर यांनी त्यांचे तीन तीनच धरायचे ठरवले. पुरुषाने जे उतावळेपणाने मागितले ते त्याच्या पदरात घालायचे, म्हणजे पुढचा विचार करील. हा निर्णय धाक म्हणून घेतलेला होता. चारही पंथांनी तो पुढे नियम म्हणून स्वीकारला. चौदाव्या शतकात दमास्कसमध्ये इब्न तैमिया यांनी तीन म्हणजे एकच असे पुन्हा मांडले; तलाकच्या शपथेविषयीच्या त्यांच्या फतव्यांवरून १३२० साली त्यांना कैदही झाली. ज्यांना आज कर्मठतेचा मूळपुरुष मानण्याची रीत आहे, त्यांचे या एका प्रश्नावरील मत विसाव्या शतकातील सुधारकांच्या कामी आले. इजिप्तने १९२९ साली कायद्याने तिहेरी तलाक एकच ठरवला.

धाकाची परिणती काय झाली? उमर यांच्या निर्णयाचे लक्ष्य पुरुष होता. प्रत्यक्षात त्याचा भार स्त्रीवर पडला, कारण उतावळेपणा पतीचा आणि घर सोडायचे पत्नीने. शिक्षा ज्याला करायची तो दुसरा विवाह करू शकत होता. परिणामाच्या कठोरतेने पापाला आळा बसेल ही अपेक्षा तेव्हाच खरी ठरते, जेव्हा परिणाम पाप करणाऱ्याच्याच वाट्याला येतो. या साध्या गोष्टीकडे शास्त्रकारांचे लक्ष गेले नाही असे नाही. मेहरची रक्कम मोठी ठेवायची आणि तिचा काही भाग तलाकच्या वेळी देय करायचा, हा व्यवहारातला लगाम त्यांनी मान्य केला होता; विवाहाच्या करारात स्त्रीच्या बाजूने अटी घालण्याची मुभा, विशेषतः हंबली पंथाने, बरीच सैल ठेवली होती. परंतु तलाक ज्याच्या जिभेवर आहे ती जीभच बांधण्याचे धैर्य परंपरेने दाखवले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

तरीही पाप आणि वैधता यांची फारकत एका वेगळ्या योजनेचा भाग होती, आणि ती योजना समजून घेतल्याखेरीज पुढची पडझड कळत नाही. शास्त्रकार प्रत्येक प्रकरणाचे दोन निवाडे कल्पीत : एक ‘दियानत’, म्हणजे माणूस आणि ईश्वर यांच्यातला, दुसरा ‘कझा’, म्हणजे काझीसमोरचा. ‘तू सुटलीस’ असे पती म्हणाला आणि नंतर सांगू लागला की माझ्या मनात दोरीच्या बंधनातून सुटलीस असे होते; तर ईश्वरासमोर त्याचा हेतू ग्राह्य, काझीसमोर नाही. काझीला अंतःकरण दिसत नाही. दियानतचा निवाडा मुफ्ती सांगे, आणि मुफ्तीजवळ शिपाई नसे. त्याला विचारायला येणारा माणूस स्वतःहून, आपल्या विवेकाच्या टोचणीने आलेला असे. ऑटोमन काळातील सीरिया आणि पॅलेस्टाईनमधील मुफ्तींच्या फतव्यांचा ज्युडिथ टकर यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास दाखवतो की अशा प्रश्नोत्तरांत स्त्रियांचे हक्क हा नित्याचा विषय होता. काझी, मुफ्ती, शेजारपाजार, करारातील अटी, मेहर आणि परलोकाचे भय ही सगळी मिळून एक रचना होती. तीत पाप या शब्दाला वजन होते, कारण तो ऐकणारा समाज आणि तो उच्चारणारा अधिकारी दोघेही हजर होते.

इंग्रजी राज्याने या रचनेतले एकच अंग उचलले. १७७२ च्या वॉरन हेस्टिंग्ज यांच्या योजनेने वारसा, विवाह आदी बाबतींत मुसलमानांना कुराणाचे आणि हिंदूंना शास्त्रांचे कायदे लावायचे ठरले. त्यासाठी ग्रंथ हवा होता. मरघिनानी (मृत्यू ११९७) यांच्या ‘हिदाया’ची निवड झाली, मौलवींनी अरबीचे फारसी केले आणि चार्ल्स हॅमिल्टन यांनी फारसीचे इंग्रजी करून १७९१ साली ते छापले. ‘हिदाया’ हा मतमतांतरांचा ग्रंथ आहे. अमुक असे म्हणतात, तमुक तसे, आणि आमच्या मते याचे कारण हे, असा त्याचा बाज. गुरूच्या तोंडून भाष्यासह शिकण्यासाठी तो रचलेला. दोन भाषांतरांतून उतरल्यावर आणि गुरूवाचून वाचल्यावर त्याचे कलमांच्या यादीत रूपांतर झाले. न्यायाधीशाला मदत करणारे काझी आणि मौलवी १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतून गेले. उरले फक्त छापील पुस्तक आणि ते वाचणारा, अरबी न जाणणारा न्यायाधीश. दुभाष्यावर विश्वास नको म्हणून पुस्तक आणले. पुढे पुस्तकालाच दुभाषा उरला नाही.

१८९७ साली, विधवेच्या पोटगीच्या एका दाव्यात, प्रिव्ही कौन्सिलने यावर शिक्कामोर्तब केले. प्राचीन आणि अधिकारी भाष्यकारांनी जे ठरवले आहे त्याच्या विरोधात न्यायालयाने कुराणाचा स्वतःचा अर्थ लावणे चुकीचे होईल, असे त्यांनी म्हटले. वरवर पाहता हा नम्रपणा होता. इजतिहादचे, म्हणजे स्वतंत्र अर्थनिर्णयाचे, दार दहाव्या शतकाच्या सुमारास बंद झाले असे प्राच्यविद्या सांगत आली होती; वाएल हल्लाक यांनी १९८४ च्या एका निबंधात ही समजूत किती तकलादू आहे ते दाखवले. विडंबन असे, की बंद नसलेल्या दाराला कुलूप लावण्याचे काम, निदान हिंदुस्थानापुरते, त्या समजुतीवर विसंबलेल्या न्यायालयांनी केले.

या कुलपाची किंमत रशीद अहमद विरुद्ध अनीसा खातून या १९३२ च्या निकालात दिसते. एका पतीने तिहेरी तलाक उच्चारला, चार दिवसांनी तलाकनामा लिहिला आणि नंतर सुमारे पंधरा वर्षे तो त्याच पत्नीसोबत संसार करीत राहिला. पाच मुले झाली. त्याच्या मृत्यूनंतर इस्टेटीचा वाद उभा राहिला तेव्हा तलाक केवळ दिखाऊ होता, मनापासूनचा नव्हता, असे सांगण्यात आले. प्रिव्ही कौन्सिलने हेतूचा विचार अप्रस्तुत ठरवला. शब्द उच्चारले गेले होते, तलाक झाला होता आणि मुले अनौरस होती. हनफी नियमाचे हे अचूक अनुकरण होते, यात शंका नाही. परंतु काझीच्या कचेरीत हे प्रकरण पंधरा वर्षांपूर्वी आले असते, मुफ्तीने त्या दोघांना आपली वाट दाखवली असती, शेजाऱ्यांनी विचारले असते. येथे दियानत संपली होती आणि एकटी कझा उरली होती. ‘पाप’ हा शब्द निकालपत्रात आला तरी तो ऐकायला कोणी नव्हते. बॅचलर यांच्या वाक्यातील ‘धर्मशास्त्र’ हे पद अशा रीतीने शोभेचे झाले.

येथे एक सावधगिरी हवी. वसाहतपूर्व व्यवस्थेला सुवर्णयुग ठरवण्याचा मोह अलीकडच्या विद्वत्तेला पडतो. हल्लाक यांच्या उत्तरकालीन लेखनात, विशेषतः आधुनिक राज्य आणि शरिया यांची सांगड अशक्य आहे असे मांडणाऱ्या त्यांच्या २०१३ च्या ग्रंथात, तो लपत नाही. आणि वसाहतीने बाद केलेली प्रत्येक गोष्ट शरियाच होती असेही नाही. १८४७ साली मुंबईत खोजा आणि मेमन समाजांच्या मुलींनी कुराणानुसार वडिलांच्या मिळकतीत वाटा मागितला. न्यायाधीश अर्स्किन पेरी यांनी तो नाकारला, कारण त्या जातींची रूढी मुलींना वारस मानीत नव्हती. म्हणजे एका ठिकाणी ग्रंथ स्त्रीच्या विरुद्ध जाताच तो अढळ, आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या बाजूने जाताच रूढी श्रेष्ठ. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढी हटवली, पण शेतजमीन वगळून. ज्या देशात मिळकत म्हणजे मुख्यतः जमीन, तिथे मुलीचा कुराणदत्त हिस्सा पुष्कळसा कागदावरच राहिला. त्या अपवादाविरुद्ध शरियत धोक्यात आल्याची हाक फारशी कोणी दिली नाही, हे नमूद करण्याजोगे आहे.

परंपरेच्या आत काय शक्य होते त्याचे उदाहरणही त्याच दशकातले आहे. पती परागंदा झालेल्या हनफी स्त्रीला त्याच्या समवयस्कांच्या हयातीइतकी वाट पाहावी लागे. पोटगी न देणाऱ्या पतीपासूनही सुटका नव्हती. तेव्हा पंजाबात काही स्त्रिया धर्मांतर करून विवाह मोडू लागल्या. देवबंदी परंपरेतील अश्रफ अली थानवी यांनी, जे सुधारक म्हणून कोणालाही आठवणार नाहीत, मालिकी पंथातील निर्णय हनफी स्त्रियांना लागू करण्याचा मार्ग सिद्ध केला. त्या पायावर १९३९ चा विवाहविच्छेद कायदा उभा राहिला : पती चार वर्षे बेपत्ता, दोन वर्षे पोटगी नाही, तर पत्नीला न्यायालयाकडून विच्छेद. धर्मांतराने विवाह आपोआप मोडणार नाही, अशी सोयही त्यातच केली गेली. हेतू शंभर टक्के स्त्रीकल्याणाचा नव्हता. पण फिकहच्या मतभेदांत सुटकेची दारे आहेत आणि कर्मठ हातही ती उघडू शकतात, एवढे त्याने सिद्ध केले. गरज पडली की दार उघडते. गरज कोणाची, हा खरा प्रश्न.

मराठी वैचारिक जगात या प्रश्नाला दोन दिशांनी उत्तरे दिली गेली. माथेरानला जन्मलेले आणि मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले आसफ अली असगर फैजी (१८९९–१९८१) यांनी धर्म आणि कायदा यांची फारकत हीच इस्लामच्या आधुनिक पुनर्विचाराची पहिली अट मानली. पाप ईश्वराकडे, वैधता विधिमंडळाकडे. हमीद दलवाई यांनी चर्चेची जागाच बदलली. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत त्यांनी काढलेल्या मोर्चात सात मुस्लिम स्त्रिया होत्या. सात ही संख्या उपहासाने सांगितली गेली आहे आणि अभिमानानेही. ‘इंधन’कार दलवाईंच्या कथनदृष्टीशी ती सुसंगत आहे, कारण त्यांना समुदायापेक्षा त्यातली एकेक व्यक्ती दिसत असे. १९७० साली पुण्यात स्थापन केलेल्या मंडळाला त्यांनी ‘सत्यशोधक’ हे जोतीरावांचे नाव दिले. कुराणाचा अधिक चांगला अर्थ लावून स्त्रीची सुटका होईल यावर त्यांचा भरवसा नव्हता. नागरिक म्हणून तिला न्याय हवा होता. असगर अली इंजिनिअर यांनी, त्याच मुंबईत, नेमका त्या चांगल्या अर्थावर भर दिला. दलवाईंची भूमिका तर्काने अधिक स्वच्छ आहे. मात्र ज्या स्त्रीला ईश्वरासमोरचा निवाडाही महत्त्वाचा वाटतो तिच्याशी बोलायला त्या भूमिकेजवळ भाषा अपुरी पडते, आणि अशा स्त्रिया थोड्या नाहीत.

१९८५ च्या शाहबानो निकालात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने १८९७ चे कुलूप बाजूला सारून कुराणाच्या आयतींचा स्वतः अर्थ लावला. प्रक्षोभाचे एक कारण पोटगी होती, दुसरे हे धाडस. १९८६ च्या कायद्याने निकाल पुसण्याचा प्रयत्न केला, आणि २००१ साली डॅनियल लतीफी प्रकरणात न्यायालयाने त्याच कायद्याच्या शब्दांतून इद्दतच्या पलीकडच्या भविष्याची तजवीज वाचून काढली. पुसायला घेतलेल्या संहितेतूनच पुसलेला अर्थ परत यावा, याहून मोठा वाचनाचा विजय आधुनिक भारतीय न्यायेतिहासात क्वचितच सापडेल. २००२ साली, तेव्हाच्या औरंगाबाद येथे, दगडू छोटू पठाण प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने तलाकसाठी कारण आणि समेटाचे प्रयत्न सिद्ध व्हायला हवेत असे म्हटले. त्याच वर्षी शमीम आरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही. गिळलेला काळ थोडाथोडा परत येत होता.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन अशा मताधिक्याने तिहेरी तलाक रद्दबातल ठरला. बहुमतातील न्यायमूर्ती कुरियन जोसेफ यांनी बॅचलर यांच्या वाक्याला समोरासमोर उत्तर दिले : जे धर्मशास्त्रात वाईट, ते कायद्यातही वाईट. ११२ वर्षांनी दोन्ही मोजपट्ट्या एकमेकींवर ठेवल्या गेल्या. त्याचा आनंद रास्त आहे. परंतु २०१९ चा कायदा आणखी पुढे गेला. असा तलाक उच्चारणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद ठरली. पूर्वी हा उच्चार पाप होता पण परिणामकारक होता. आता तो निष्परिणाम आहे पण गुन्हा आहे. ज्या वाक्याने काहीच घडत नाही ते उच्चारल्याबद्दल तुरुंग, ही रचना ऑस्टिन यांनाही कोड्यात टाकती. विवाह टिकलाच आहे, पती कोठडीत आहे, आणि पोटगी त्याच पतीकडून यायची आहे. उमर यांच्या धाकाची चूक वेगळ्या वेशात परतली असल्याची शंका येथे रास्त ठरते : शिक्षा पुरुषाची, झळ पुन्हा त्याच घरातल्या स्त्रीला. शब्द न उच्चारता पत्नीला नुसते टाकून देणाऱ्याला, तो कोणत्याही धर्माचा असो, हा कायदा शिवत नाही.

हनफी ग्रंथांत एक वचन आढळते : स्त्री ही काझीसारखी आहे. त्याचा संदर्भ आपल्या विषयाचाच आहे. पतीने तीनदा तलाक म्हटल्याचे पत्नीने कानांनी ऐकले आणि नंतर तो म्हणू लागला की माझा हेतू तसा नव्हता, तर तिने काय करावे? शास्त्रकार सांगतात, काझीप्रमाणे तिनेही शब्दांच्या बाह्य अर्थावर निर्णय द्यावा आणि त्याला जवळ येऊ देऊ नये. अर्थ लावण्याचा अधिकार येथे, सबंध शास्त्रात एखाददुसऱ्या ठिकाणीच, स्त्रीकडे सोपवलेला आहे. आणि तो अशा क्षणी, जेव्हा लावायचा अर्थ तिच्याच विरुद्ध जातो. काझीचे ओझे तिला मिळाले, आसन मिळाले नाही. २००७ साली स्थापन झालेल्या आणि शायरा बानो प्रकरणात न्यायालयासमोर गेलेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने पुढे मुंबईत स्त्रियांना काझीपदाचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून तयार झालेल्या स्त्रिया निकाहनाम्यात अटी लिहून घेतात, मेहरचा आकडा विचारतात, समेटाला बसतात. पारंपरिक उलेमांपैकी अनेकांनी त्यांना मान्यता दिलेली नाही. त्यांच्यासमोर येणारी जोडपी मात्र येत आहेत.